वयातलं मूल, बिघडलेलं मन, लागलेली नशा : बारामती-इंदापुरात कुठे जायचं, किती लागतील

पहिला रुपया खर्च करण्याआधी १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीतून बोलता येतं. फोनवर प्रशिक्षित समुपदेशक असतो. गरज दिसली तर तो मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो. मूल शेजारी असायला हवं असं नाही. तुम्ही एकट्यानं, शेताच्या बांधावरून फोन केलात तरी चालतं. मुलगा रात्र रात्र जागा असतो, मुलगी डबा भरलेलाच परत आणते, दप्तरात व्हाइटनरच्या बाटल्या सापडल्या, जिमच्या बॅगेत सुई सापडली, जे दिसलं ते तसंच्या तसं सांगा. नुसतं ‘वाया गेलाय’ म्हणू नका, त्यातून समोरच्याला काही कळत नाही. फक्त नशेबद्दल विचारायचं असेल तर १४४४६. अठराच्या आतल्या मुलाला घरात किंवा बाहेर कुणी छळत असेल तर १०९८. मावा, गुटखा, तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६.

मूल मरणाची भाषा बोलत असेल, हातावर ब्लेड मारून घेत असेल, काही प्यायलं असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर मात्र सल्ला घेत बसू नका. १०८ बोलवा. त्या रुग्णवाहिकेला भाडं नसतं. कुणी मागितलं तरी देऊ नका. काय प्यायलं त्याचा डबा, बाटली, गोळ्यांचं रिकामं पाकीट सोबत घ्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका.

आपल्याकडे ऊस, द्राक्षं, डाळिंब. म्हणजे फवारणीची औषधं गोठ्यात नाहीतर मोटारीच्या खोलीत उघडीच पडलेली. तणनाशकातल्या पॅराक्वाटवर उतारा नाही, हे लक्षात ठेवा. दीडशे-दोनशे रुपयांचं कुलूप आणून ती सगळी बंद करा, किल्ली स्वतःजवळ ठेवा. घरातल्या झोपेच्या, बीपीच्या, शुगरच्या गोळ्याही कुलपात. या लेखात पुढे बरेच आकडे येतील, पण इतक्या कमी पैशात इतकं काम करणारा दुसरा खर्च मला माहीत नाही.

आत्महत्येच्या प्रयत्नाची केस रुग्णालयात आली की पोलिसांना कळवलं जातं, जबाब होतो. घाबरू नका. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं ११५ वं कलम सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुनं ३०९ कलम ठेवलेलंच नाही. तेव्हा ‘प्रकरण मिटवून देतो’ म्हणत कुणी पैसे मागितले तर दमडी देऊ नका.

आधी सरकारी दवाखाना

बारामतीत दोन दारं आहेत. एक सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय, दुसरं एमआयडीसीतलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. इंदापूरकरांना इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय जवळ. पैशाचा फरक समजून घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे. उपजिल्हा रुग्णालयं त्यात येतात. वैद्यकीय महाविद्यालय वेगळ्या खात्याचं, तिथे ही माफी आपोआप लागत नाही. केसपेपर आणि तपासण्यांना सरकारी दरानं पैसे पडतात. रक्कम किरकोळ असते, पण पावती घ्याच. पावतीशिवाय मागितलेला पैसा सरकारी नव्हे.

तालुक्याच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ रोज भेटेलच असं नाही. आदल्या दिवशी फोन करून किंवा कुणाला पाठवून ‘मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी, किती वाजता’ हे विचारा. हेलपाटा पडला की एक दिवसाची मजुरी जाते आणि मूल दुसऱ्यांदा यायला तयार होत नाही. दुसरं नुकसान मोठं. ओपीडी सकाळची, नऊच्या आत केसपेपरच्या रांगेत उभे राहा. आठवडे बाजाराचा दिवस टाळता आला तर टाळा.

‘मैत्री क्लिनिक’ कुठे आहे, हेही तिथेच विचारा. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यात हा कक्ष चालतो. मनोविकाराच्या ओपीडीच्या पाटीखाली बसायला जे मूल ठाम नकार देतं, ते मैत्रीच्या खोलीत येतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याची चिठ्ठी तिथूनही मिळते.

कागदपत्रं फार नाहीत : मुलाचं आणि तुमचं आधार, रेशनकार्ड, वयाच्या दाखल्यासाठी जन्माचा दाखला किंवा शाळेचं बोनाफाईड, आधीच्या दवाखान्यांचे कागद, चालू गोळ्यांची पाकिटं. नवरा-बायको विभक्त असाल तर ताब्याच्या आदेशाची प्रत. यातलं काही नसलं तरी तपासणी अडवता येत नाही. एक कागद मात्र घरून लिहून न्या, अर्ध्या पानाचा : कधीपासून, झोप किती, जेवण किती, शाळा-कॉलेज किती दिवस बुडालं, काय सापडलं, घराण्यात कुणाला असा आजार किंवा व्यसन होतं का. सरकारी ओपीडीत दहा मिनिटं मिळतात. ती रडण्यात आणि वडिलांच्या रागात गेली तर डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही.

डॉक्टर मुलाशी एकट्याशी बोलतील. तुम्हाला बाहेर बसायला सांगितलं तर निमूट बाहेर बसा, आणि परतीच्या एसटीत ‘काय सांगितलंस’ म्हणून खोदून विचारू नका.

खासगीत किती लागतात

हे दर अदमासे धरा. तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञाची पहिली भेट साधारण ५०० ते १,००० रुपये, पुढच्या भेटी थोड्या कमी. पुण्यात पहिल्या भेटीचे १,००० ते २,५००. समुपदेशनाच्या एका बैठकीचे तालुक्यात ५०० ते १,०००, पुण्यात ८०० ते २,०००. फोनवर वेळ घेतानाच विचारा : पहिली भेट किती मिनिटांची, पुढच्या भेटीचे किती, फक्त औषध पुन्हा लिहून घ्यायचे किती, आई-वडिलांची वेगळी बैठक झाली तर तिचे वेगळे का. शेवटच्या प्रश्नावर बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो.

सहा महिन्यांचा अंदाज असा बांधा. पहिली भेट ८००, नंतरच्या पाच भेटी ५०० प्रमाणे २,५००, महिन्याला दोन बैठका ८०० प्रमाणे ९,६००, औषधं महिन्याला ६०० धरून ३,६००. एकूण १६,५००. यात प्रवास आणि बुडालेली मजुरी नाही. हाच मार्ग सरकारी ओपीडीतून गेलात तर उरतो तो प्रवास आणि मजुरीच. एसटीत आईला अर्धं तिकीट आहे, म्हणून पाठपुराव्याला आई जात असेल तर तेवढी बचत. पण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा वडिलांनीही डॉक्टरांसमोर बसायला हवं.

‘मानसोपचारतज्ज्ञ’ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचाराचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध तोच लिहितो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ डॉक्टर नसतो, तो बोलून उपचार करतो, आणि त्याच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो मागायला लाजू नका. ऑनलाइन काही आठवड्यांचा कोर्स करून ‘लाइफ कोच’ची पाटी लावणारे आता तालुक्यातही दिसतात. ‘दहा बैठकांचं पॅकेज आज भरलं तर सवलत’ असं कुणी म्हणालं, तर एकाच बैठकीचे पैसे द्या आणि मुलाला तो माणूस पटतो का ते बघा. तीन बैठकांनंतरही मूल गप्पच असेल तर माणूस बदला.

औषधं जनऔषधी केंद्रातून घेता येतात. नैराश्य आणि चिंतेवरची नेहमीची बरीच औषधं तिथे ब्रँडच्या औषधांपेक्षा निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा. आणि दोन गोष्टी मनाशी पक्क्या ठेवा. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. ‘आठवडा झाला, फरक नाही’ म्हणून बंद करू नका. आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांत काही मुलांच्या मनात मरणाचे विचार वाढतात, अस्वस्थता वाढते. त्या दिवसांत मुलाला एकटं ठेवू नका, तसं जाणवलं तर लगेच डॉक्टरांना फोन करा. गोळ्या तुमच्या ताब्यात, रोजची रोज हातात द्या.

व्यसनमुक्ती केंद्र : सही करण्याआधी हे वाचा

सगळ्यात जास्त पैसा इथे बुडतो, आणि मुलांची सगळ्यात जास्त हानीही इथेच होते, म्हणून जरा सविस्तर.

अठराच्या आतल्या मुलाला भरती करण्याचे नियम मानसिक आरोग्य कायद्याच्या ८७ व्या कलमात आहेत. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनोविकारही याच कायद्यात येतात. नियम असे. अर्ज पालकानं करायचा. भरतीच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत दोन तज्ज्ञांनी मुलाला स्वतंत्रपणे तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच. मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायचं. भरतीचा पूर्ण काळ आई-वडिलांपैकी कुणी किंवा त्यांनी नेमलेलं माणूस सोबत राहायचं. मुलगी असेल तर सोबतीला बाईमाणूस. बहात्तर तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं.

आता केंद्रवाल्यांचं बोलणं या नियमांशी ताडून बघा. ‘तीन महिने सोडून जा, भेटायला येऊ नका, फोनही नाही’ असं पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाबद्दल कुणी सांगत असेल, तर ते कायद्याबाहेर आहे. तिथून उठा. ‘आमची माणसं पहाटे येऊन उचलून नेतील’ हेही तसंच. गाडीत चौघांनी कोंबून नेलेलं मूल परत येतं तेव्हा पहिला विश्वास तुमच्यावरचा उडालेला असतो, आणि पुढच्या उपचाराला ते तयार होत नाही. साखळीनं बांधणं तर कायद्यानं सरळ बंद आहे.

खर्चाकडे या. खासगी केंद्रांचे दर महिन्याला १०,००० पासून ४०,००० आणि त्याही वर जातात, पण फलकावरचा आकडा शेवटचा नसतो. घरून आणायची गाडी वेगळी. पहिल्या आठवड्याच्या ‘डिटॉक्स’चे वेगळे. रक्त-लघवीच्या तपासण्या, बाहेरून येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची प्रत्येक भेट, औषधं, कपडे-साबण-कँटीनची अनामत, आणि घरी आल्यावरच्या पाठपुराव्याची फी, सगळं वेगळं. या एकेका गोष्टीपुढे रक्कम लिहून मागा, केंद्राच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. पंधराव्या दिवशी मुलाला घरी नेलं तर उरलेले पैसे परत मिळणार का, तेही त्याच कागदावर. तीन महिन्यांचे आगाऊ मागत असतील तर एका महिन्याच्या वर देऊ नका. फॉर्म घरी आणून वाचा. काहींच्या खालच्या बारीक ओळींत ‘रुग्णाच्या जीविताची जबाबदारी संस्थेवर राहणार नाही’ असं छापलेलं असतं. त्यावर सही करू नका.

नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं पाहिजे, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचं. नुसती ट्रस्टची किंवा सोसायटीची नोंदणी म्हणजे उपचाराचा परवाना नव्हे. झोपायची खोली, स्वयंपाकघर, संडास दाखवायला सांगा. ‘आत जाता येणार नाही’ म्हणाले की उत्तर मिळालं.

पुण्यात माहितीतलं ठिकाण म्हणजे येरवड्याचं मुक्तांगण. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं हे केंद्र. निवासी उपचार साधारण पस्तीस दिवसांचे, आणि घरच्यांनाही उपचारात सामील करून घेतात. बायका-मुलींसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. मूल अठराच्या आतलं असेल तर तसंच न्यायला निघू नका. आधी फोन करून वय सांगा, कोणत्या प्रकारे उपचार देतील ते विचारा, परवडत नसेल तर सवलतीचंही विचारा. येरवड्यातच प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि ससूनला मानसोपचार विभाग. बारामतीहून शंभर किलोमीटर, एसटीनं स्वारगेट; तिथून मेट्रोनं, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून, येरवडा स्टेशन, पुढे रिक्षा. स्वारगेटहून थेट रिक्षा करण्याची गरज नाही.

पण एक सांगतो. बहुतेक पोरांना भरतीची गरज नसते. गांजा, मावा, व्हेप, अधूनमधून बियर, त्याच्या तळाशी नैराश्य किंवा भीती, हे आठवड्याच्या भेटींनी आणि घरच्या बदलांनी हाताळलं जातं. भरती लागते ती शरीराला नशेची सवय जडलेली असेल, जिवाला धोका असेल किंवा मन भ्रमिष्ट झालं असेल तेव्हा. हा निर्णय मानसोपचारतज्ज्ञाला करू द्या, केंद्राच्या मार्केटिंगवाल्याला नको.

‘रुग्णाला न कळता जेवणातून द्या, नशा सुटते’ अशा पुड्यांच्या जाहिराती तुम्ही भिंतींवर वाचल्या असतील. घेऊ नका. अशा पुडीत डायसल्फिराम असू शकतं, आणि ते पोटात असताना दारू पडली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ज्याला माहीतच नाही तो जपणार कसा?

नशा तपासायचं लघवीचं किट मेडिकलमध्ये साधारण ३०० ते १,००० रुपयांना मिळतं. घाई करू नका. व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन यांचा हुंगलेला अंश त्यात दिसत नाही, आणि जिममधलं मेफेन्टरमाइनचं इंजेक्शनही साध्या किटमधून निसटू शकतं. उलट गांजा सोडून कित्येक दिवस झाले तरी किट ‘पॉझिटिव्ह’ दाखवतं. मग घरात भांडण, आणि हाती काही नाही. तपासणी डॉक्टरांना करू द्या. ‘आपल्याकडे असलं काही येत नाही’ हेही डोक्यातून काढा : फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी मेफेड्रोनचा प्रचंड साठा पकडला तो कुरकुंभ एमआयडीसीत, दौंड तालुक्यात, बारामतीच्या शेजारी.

पोलीस, वकील आणि विकणारा

मुलाजवळ पुडी सापडली आणि पोलिसांनी नेलं, तर शांत राहा. अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही; चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. मुलाचं नाव-गाव छापता येत नाही. वकील फुकट मिळतो : विधी सेवा कायद्याप्रमाणे मुलांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या आवारात असते, किंवा १५१०० ला फोन करा. अमली पदार्थविरोधी कायद्याचं ६४-अ कलमही वकिलाला आठवून द्या. थोड्या मालाच्या किंवा सेवनाच्या प्रकरणात व्यसनी माणूस स्वतःहून उपचार घेत असेल तर त्याला संरक्षण मिळू शकतं. म्हणून पहिल्या दिवसापासूनचे केसपेपर जपून ठेवा.

विकणाऱ्याला मोकळं सोडू नका. मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायदा २०१५ च्या ७७ व्या कलमानं सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे, गुटखा तर राज्यात २०१२ पासून बंद. नाव न सांगता तक्रार करायची तर १९३३ ही अमली पदार्थांविरुद्धची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. बारामतीत ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शक्ती अभियानात तक्रारपेट्या बसवल्या. कॉलेजच्या आवारात दिसली तर चिठ्ठी टाका, मुलाचं नाव न लिहिता.

विमा आणि कार्डं

आरोग्य विमा असेल तर कलम नीट वाचा. कायद्यानं मनोविकाराला शारीरिक आजाराइतकंच संरक्षण द्यावं लागतं. पण बहुतेक पॉलिसींत वगळलेल्या गोष्टींमध्ये बारावी नोंद असते ती दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाच्या उपचारांची. म्हणजे नैराश्याची भरती मंजूर, व्यसनमुक्तीची नामंजूर. निदान काय लिहिलं आहे यावर दावा ठरतो. खोटं लिहून घेऊ नका, पण नैराश्य खरोखर असेल तर ते कागदावर येतंय का ते पाहा. ओपीडी आणि समुपदेशन सहसा विम्यात नसतं. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, पण ती भरतीच्या ठरावीक पॅकेजांवर चालते. तुमचा आजार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरतीआधी विचारा, किंवा १५५३८८. एमआयडीसीत २१,००० पर्यंत पगार असेल आणि ईएसआयसी कापला जात असेल तर मुलावरचे उपचारही त्यात येतात; कार्डावर मुलाचं नाव चढवलेलं आहे ना, तेवढं आजच बघा.

शाळा आणि परीक्षा

वर्गशिक्षकांना किती सांगायचं हे मुलाला विचारून ठरवा. ‘आजारी आहे, उपचार सुरू आहेत’ एवढं पुरतं. दाखल्यावर निदानाचं नाव नको, ‘वैद्यकीय कारण’ लिहून घ्या. हजेरी कमी पडणार असेल तर परीक्षेच्या तोंडावर नाही, पहिल्या महिन्यातच दाखला द्या आणि पोच घ्या. नियमित बसणं अगदीच अशक्य झालं तर दहावी-बारावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसता येतं. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा, शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मुदत चुकली तर विलंब शुल्क लागतं. फॉर्म भरून देण्यासाठी हजारो रुपये मागणाऱ्या एजंटाकडे जाऊ नका, जवळच्या संपर्क केंद्रावर, म्हणजे तुमच्याच भागातल्या शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात, विचारलं तरी काम होतं.